घरातला प्रश्नोत्तराचा तास

७ सप्टेंबर २०२५, रविवार. अ‍ॅशबर्न

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी माझ्यातली मास्तरीण काही निवृत्त होत नाही. नागपूरहून अमेरिकेत लेकीकडे आराम करायला म्हणून आले आणि दुसऱ्याच महिन्यात गळ्यात वर्ग पडला. इथे आपल्या आंबेडकरी मंडळींचा एक गट आहे. महिन्यातून दोनदा रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात, वंदना होते, मग जेवण. जागृती नावाची एक खटपटी मुलगी हे सगळं सांभाळते. नोव्हेंबरात संविधान दिनाचा कार्यक्रम असतो. त्यासाठी मुलांकडून उद्देशिका पाठ करून घ्याल का, असं तिने विचारलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. उपासना हसून म्हणाली, आई, तू आरामाला आलीस ना?

आज पहिला वर्ग आमच्या बेसमेंटमध्ये भरला. इथे आपले लोक पुढच्या दाराने येतच नाहीत. गॅरेजचं शटर वर करायचं, तिथेच चपला-बूट काढायचे आणि आत यायचं. गाडी बिचारी बाहेर उन्हात उभी. गॅरेजमध्ये तांदळाच्या पिशव्या, दुसरा फ्रिज, डाळींचे डबे आणि बुटांची मांडणी. माणूस सातासमुद्रापार गेला तरी आधी कोठीघर थाटतो.

मुलं हुशार आहेत. उद्देशिका इंग्रजीतून खडखडीत म्हणून दाखवली. मी खूश झाले, तेवढ्यात माझ्याच नातीने माझी दांडी उडवली. रुही चौदा वर्षांची आहे, नववीत. मागच्या बाकावर बसल्यासारखी कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "आजी, इंडियाच्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये गन ठेवायचा राइट आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"व्हाय नॉट?"

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुढच्या वेळी सांगते म्हटलं. मग मुलं एकदम बोलायलाच लागली. शाळेत सराव होतो म्हणे. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचं, त्याचा. दिवे बंद करायचे, दाराला कुलूप लावायचं, भिंतीशी चिकटून गप्प बसायचं. जागृतीचा वेद सहा वर्षांचा आहे, तोही म्हणाला की मी सगळ्यात छान गप्प बसतो. त्याला बक्षीस म्हणून स्टिकर मिळाला होता. माझ्या शाळेत आम्ही सराव घ्यायचो तो प्रभातफेरीचा.

९ सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयात जाऊन आले. तिथल्या बाईंना सांगितलं, तुमच्या घटनेत बंदूक कुठे आहे ते दाखवा. त्या जरा दचकल्या. मग मी शिक्षिका आहे म्हटल्यावर पुस्तकांची चळतच आणून ठेवली.

सगळं भांडण एका वाक्यावरून आहे. घटनेतली दुसरी दुरुस्ती. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात म्हटलंय की स्वतंत्र राज्याच्या रक्षणाला शिस्तबद्ध नागरी सेना हवी. दुसऱ्या अर्ध्यात, लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला धक्का लागू नये. आता कोणतं अर्धं जड, यावरून गेली कित्येक वर्षं वकील भांडतायत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, आणि त्याला मर्यादाही घालता येतात. मर्यादा कोणत्या, यावर पुन्हा भांडण.

मग आपली घटना काढली. एकोणिसावं कलम मी हजार वेळा शिकवलंय. शांततेने आणि शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क. 'शस्त्राशिवाय' हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिला आणि कधी त्याच्यापाशी थांबले नाही. दोन्ही देशांनी इंग्रजाला घालवलं. एकाने बंदूक घटनेत घेतली, दुसऱ्याने दाराबाहेर ठेवायला सांगितली. असं का झालं असेल? आज मला विशीत असल्यासारखं वाटतंय.

संध्याकाळी जेवताना हे सगळं भडाभडा सांगितलं. जावई, ईश्वरराव, एरवी कौतुकाने ऐकतात. गेल्या वर्षी त्यांनी नागरिकत्व घेतलं, तेव्हा परीक्षेसाठी हे सगळे हक्क पाठ केले होते. आज मात्र म्हणाले, "आई, हे मुलांना कशाला? उद्देशिका पुरे की." आणि ताट घेऊन उठले. दमले असतील. डेटा सेंटरची नोकरी, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी.

१३ सप्टेंबर, शनिवार

ईश्वररावांनी व्यायाम मनावर घेतलाय. दर शनिवारी सकाळी ऑफिसातल्या मित्राबरोबर जातात. आज धुण्याला त्यांचं जॅकेट घेतलं तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसला वास. त्यांच्या कामावर मोठमोठे जनरेटर असतात, त्यांचा असेल.

रुहीची मैत्रीण अनन्या मी आल्यापासून एकदाही घरी आलेली नाही. मागच्या खेपेला दोघी बेसमेंटमध्येच पडीक असायच्या. विचारलं तर रुही म्हणाली, शी इज बिझी. त्याच अनन्याशी फोनवर तासभर बोलते मात्र. भांडण नाही, अबोला नाही, मग घरी का येत नाही? विचारायला गेलं की पोरगी गोगलगायीसारखी आत जाते. मला याची रुखरुख लागून राहिली आहे. वर्ग, कलमं सगळं ठीक, पण या पोरीच्या मनात काय आहे ते मला कळायला हवं.

१७ सप्टेंबर, बुधवार

शेजारचे टेडआजोबा हरणाच्या शिकारीला जातात असं उपासनाने सांगितलं होतं. आज ते पानं गोळा करत होते. मी माझं शाळेतलं इंग्रजी पाजळलं आणि सरळ विचारलं, तुमच्याकडे बंदुका आहेत, तर तुम्हाला काय वाटतं?

मला वाटलं म्हातारा चिडेल. उलट त्यांनी खुर्ची आणून दिली. वडिलांनी शिकवलेली पहिली गोष्ट सांगितली: बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजून हाताळायची. हक्क आपला आहे आणि तो कोणी काढून घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत. पण नातवंडं यायची असली की सून आधी फोन करून विचारते, कुठे आहेत, कुलूप आहे का. दर वेळी विचारते. मी म्हटलं, राग नाही येत? म्हणाले, का यावा? तिची मुलं आहेत, तिने विचारायचं, मी सांगायचं. इथे पुष्कळ आया मूल दुसऱ्याकडे खेळायला पाठवण्याआधी असं विचारतात म्हणे.

आपण विचारतो ते, जेवण तिखट आहे का. घरी येऊन रुहीला ही गंमत सांगितली. तिला गंमत वाटली नाही. म्हणाली, "अँड ही जस्ट टेल्स हर?" मी म्हटलं, हो, सांगून टाकतात.

२१ सप्टेंबर, रविवार

आज फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे हक्काच्या बाजूने, दुसरीकडे मर्यादेच्या. नियम एकच: ज्याला जे मत पटतं त्याने त्याच्या उलट्या बाजूने बोलायचं. नागपूरला मी हे आरक्षणावर करायची, वर्ग पेटायचा. इथेही पेटला. शाळेच्या सरावाला वैतागलेली मुलगी बंदुकीच्या बाजूने बोलली: पोलीस यायला वीस मिनिटं लागली तर? एक मुलगा मर्यादेच्या बाजूने म्हणाला की गाडी चालवायला परीक्षा द्यावी लागते, मग याला का नको? दुसऱ्याने त्याला अडवलं, गाडी चालवणं घटनेत लिहिलेलं नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

रुही बोलली नाही. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, पास.

२२ सप्टेंबर, सोमवार

प्रितमचा फोन. त्याच्या दोन मुली वर्गात आहेत. "मावशी, राग नका मानू, पण अजून आमचं व्हिसाचं भिजत घोंगडं आहे. पॉलिटिकल काही नको यार. उद्या मुलींनी शाळेत काही बोललं तर?" मी म्हटलं, घटना शिकणं राजकारण कसं? तो म्हणाला, तुम्ही परत जाणार, आम्हाला राहायचंय.

हे मात्र लागलं, कारण ते खरं आहे. दिवसभर विचार केला. या मुलांना शाळेत भिंतीशी बसायला शिकवतात, ते का बसायचं याच्यावर बोलायला नको म्हणतात. जे पोराला रोज भोगायचं आहे ते त्याने समजून घ्यायचं नाही, हे मला पटत नाही. पण प्रितमची भीती मी उडवून लावू शकत नाही. जागृती म्हणाली, मावशी, वर्ग चालू ठेवा, फक्त बंदुकीचं जरा बाजूला ठेवा. बरं म्हटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा झाला, तीन दिवस उशिरा. इथे सगळे सण रविवारी येतात.

वर्गात बंदुकीचा विषय बाजूला ठेवला आणि संसद घेतली. संसदेतला प्रश्नोत्तराचा तास समजावून सांगितला. मंत्री केवढाही मोठा असो, सभासदाने विचारलं की उत्तर द्यायलाच लागतं. मग माझा जुना गृहपाठ दिला. आज संध्याकाळी जेवताना घरच्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारायचा. मोठ्यांनी खरं उत्तर द्यायचं, चिडायचं नाही. आईबापांनाही मी बजावलं, सगळे हसले. नागपूरला मुलं विचारायची, बाबा तुम्हाला किती मार्क पडायचे? आईला शिकायचं होतं का? साधे प्रश्न, पण घराघरांत गप्पा व्हायच्या.

संध्याकाळी मीच आठवण केली. रुहीबाई, आज तुमचा तास. ईश्वरराव म्हणाले, विचारा सभासद महाशय. उपासना पोळ्या वाढत होती.

रुहीने चमचा खाली ठेवला. "बाबा, आपल्या घरात गन आहे का?"

उपासना हसली. "काय गं हे वेड्यासारखं?"

ईश्वरराव हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रुहीकडे. "आहे," ते म्हणाले.

पुढचं लिहवत नाही. उपासनाच्या हातातली पोळी तशीच राहिली. कधी घेतली, कुठे आहे, मला न विचारता कशी घेतली. जूनमध्ये घेतली, बेडरूमच्या कपाटात स्टीलच्या कुलपाच्या पेटीत आहे. मे महिन्यात मागच्या गल्लीत एका देशी घरात दिवसाढवळ्या चोरी झाली, सोन्यासाठी. घरात म्हातारी एकटी होती. त्यानंतर घेतली. उपासना शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

माझं? मी काय केलं?

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी रुहीच्या खोलीत गेले. आता सगळा उलगडा होतोय. शनिवारचा व्यायाम म्हणजे नेमबाजीची रेंज, जॅकेटचा वास दारूचा, बंदुकीच्या दारूचा. रुहीने जूनमध्येच बाबाला पेटी आणताना पाहिलं होतं. त्याने सांगितलं, आईला बोलू नकोस, ती घाबरेल. मग अनन्याच्या आईने फोन केला, तोच टेडआजोबांच्या सुनेचा प्रश्न विचारायला. रुहीला खोटं बोलता येईना आणि खरं सांगता येईना. तिने अनन्याला बोलावणंच बंद केलं. चार महिने पोरीने हे एकटीने पोटात ठेवलं. मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, मी रडले.

दुपारी ईश्वररावांशी बोलायला बसले. माझी सगळी कलमं तयार होती. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग शांतपणे एक गोष्ट सांगितली. यवतमाळकडच्या त्यांच्या गावात, ते सात वर्षांचे असताना, जयंतीच्या मिरवणुकीवरून वस्तीवर दगडफेक झाली. वडील काठी घेऊन दारात उभे राहिले. आई मुलांना घेऊन चुलीमागे. "रस्त्यावर पोलीस होता आई, खांद्याला बंदूक होती. बंदूक होती, पण आमच्या बाजूला नव्हती. इथे पहिल्यांदा कोणी मला म्हणालं की हा तुझाही हक्क आहे. माझी जात न विचारता म्हणालं."

आपल्याकडे शस्त्र कोणी धरायचं हे शेकडो वर्षं जन्मावरून ठरत आलं. ज्याला कधी धरूच दिलं नाही, त्याला आज मी काय तोंडाने सांगू की खाली ठेव? माझ्या दोन रकान्यांत हे कोणत्या बाजूला लिहायचं ते मला कळत नाही. आणि तरीही त्या पेटीच्या पलीकडच्या खोलीत माझी नात झोपते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर घरात नवरा-बायकोचं बोलणं भाजी आणि बिलांपुरतं. उपासनाचं म्हणणं, ती वस्तू घरात नको. ईश्वररावांचं म्हणणं, कायदेशीर आहे, हक्क आहे, कुलपात आहे. मी सुचवलं, घरात मतदान घेऊ. तेव्हा रुही म्हणाली, "आजी, यू टॉट अस. राइट्सवर व्होटिंग नाही करता येत. बाबा तिघींसमोर हरणार, दॅट्स नॉट फेअर."

शिकवलेलं असं परत येतं अंगावर.

मग तीच म्हणाली, तिला एक हक्क हवा. रोज जेवायच्या आधी ती विचारणार, कुलूप आहे का, आणि बाबाने खरं सांगायचं. रोज एक प्रश्न, बस. टेडआजोबांसारखं. ईश्वरराव म्हणाले, एवढंच? रोज विचार.

१९ ऑक्टोबर, रविवार

वर्गाला आज चारच मुलं. रुहीच्या प्रश्नाची बातमी पसरलेली दिसते. प्रितमने मुलींना पाठवलं नाही. जागृती वेदला घेऊन आली. म्हणाली, मावशी, चार तर चार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रोजचं चाललंय. "बाबा, लॉक्ड आहे?" "हो." बस, मग जेवण. पहिले काही दिवस ईश्वरराव हसून सांगायचे. आता प्रश्नाआधीच त्यांची मान खाली जाते. परवा "हो" म्हटल्यावर अर्धा घास खाऊन उठले, वर जाऊन बघून आले, मग पुन्हा बसले. मी म्हटलं, शंका होती का? म्हणाले, नाही, पण सांगण्याआधी बघायला हवं होतं.

हक्काचं हे रूप मी कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. लिहून ठेवते, पुढे शिकवताना उपयोगी पडेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या कार्यक्रम. संविधान दिन बुधवारी, पण आपला रविवारी. जागृतीने सगळ्यांना फोन केले. प्रितम येतो म्हणालाय, मुलींसकट. मुलींनीच हट्ट धरला म्हणे.

ईश्वरराव सकाळी रेंजवर गेले होते. परत येऊन गॅरेजमध्ये सामान ठेवतात तोच डेटा सेंटरचा फोन, काहीतरी बंद पडलं होतं. तसेच धावले. रात्री तिथेच. त्यामुळे आज रुहीचा प्रश्न झाला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार

कार्यक्रम झकास झाला. सगळे आले. मुलांनी आधी आपली उद्देशिका म्हटली, मग इथली. प्रितमच्या थोरलीने विचारलं, दोन्हीकडे सुरुवात 'आम्ही लोक' अशीच आहे, तर ते लोक म्हणजे कोण कोण? आधी कोणाकोणाला धरत नव्हते? मोठ्यांनाच उत्तर देताना घाम फुटला. मी किती दिवसांनी एवढी आनंदात आहे.

सकाळपासून माझी धावपळ. ईश्वरराव पहाटे कामावरून येऊन वर झोपले होते, त्यांना उठवलं नाही. गॅरेज मीच आवरलं. फराळाचे डबे ठेवायला वरची फळी रिकामी केली. तिथे त्यांची पाने-स्क्रूड्रायव्हरची काळी बॅग होती. भलतीच जड. ती उतरवून खाली बुटांच्या मांडणीशेजारी ठेवली. तिचा उपयोगही झाला. वेदला बुटांच्या लेस बांधायला बसायला काही मिळेना, मी त्याला त्या बॅगेवर बसवलं. स्वारी खुशीत टाचा आपटत बसली होती.

त्याच दिवशी, रात्रीचं जेवण झाल्यावर

रुहीने विचारलं, "बाबा, लॉक्ड आहे?"

ईश्वरराव हो म्हणणार होते. तोंड उघडलं आणि थांबले. "थांब. बघून सांगतो." वर गेले नाहीत. गॅरेजकडे गेले.

परत आले तेव्हा हातात ती काळी बॅग होती. चेहरा पांढराफटक. "नाही," ते म्हणाले. "लॉक्ड नव्हती. काल रेंजवरून आल्यावर बॅगेतच राहिली. गोळ्यापण बाजूच्या कप्प्यात." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "पण मी वरच्या फळीवर ठेवली होती. मुलांचा हात पोचत नाही तिथे. सगळ्या घाईत कोणीतरी खाली उतरवली असेल, मुलं गेल्यावर."

उपासना डोळे मिटून बसली होती. कोणी मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

सांगायला तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, आता सांगून काय उपयोग, काही झालं तर नाही. जागृतीला कळलं तर वर्ग कायमचा बंद. आत्ता कुठे सगळे परत आलेत. वेद टाचा आपटत होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून आल्यापासून रुही मला निरखत होती. ईश्वररावांना जरा धीर आला होता. म्हणत होते, यापुढे बॅगेलाही कुलूप लावतो, आणखी एक पेटी घेतो. वरच्या फळीवर होती म्हणून निभावलं.

जेवायला बसलो. ईश्वरराव तयार होते, आज आधीच बघून आले होते. पण रुहीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"आजी, आज माझा प्रश्न तुला आहे. गॅरेज तू आवरलंस. मुलं होती तेव्हा बॅग कुठे होती?"

नियम माझाच. मोठ्यांनी खरं उत्तर द्यायचं.

मी म्हटलं, "खाली होती. मी सकाळीच उतरवली, बुटांशेजारी ठेवली. मला वाटलं पाने-स्क्रूड्रायव्हर आहेत. वेद तिच्यावर बसून लेस बांधत होता. मीच बसवलं त्याला."

ईश्वररावांनी ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. उपासना उठून त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. गेल्या दीड महिन्यात तिने पहिल्यांदा त्यांच्या खांद्याला हात लावला. हातांआडूनच ते म्हणाले, "मी दार राखायला घेतली होती, आई."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

मग त्यांनी स्वतः जागृतीला फोन केला. मी म्हटलं, मीही बोलते. आधी ती रडली, मग आम्हा दोघांनाही वाटेल ते बोलली. आम्ही ऐकून घेतलं. वर्ग राहील की नाही, माहीत नाही. राहिला नाही तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार. संविधान दिन

काल ईश्वरराव ज्या दुकानातून घेतली तिथेच ती परत देऊन आले. कोणी सांगितलं नव्हतं. रिकामी स्टीलची पेटी कपाटात तशीच आहे.

मला अजून एक कोडं सुटलेलं नाही. त्यांचा हक्क मी आजही नाकारू शकत नाही, आणि बंदूक गेली म्हणून मला जे हायसं वाटलं तेही लपवू शकत नाही. पुन्हा दोन रकाने केले तर मी दोन्हीकडे उभी राहीन. मुलांना हे असंच सांगायचं, माझं उत्तर झालेलं नाही म्हणून. जागृतीचा सकाळी मेसेज आला होता, एकाच ओळीचा. पुढचा वर्ग तिच्या घरी, आणि ती स्वतः समोर बसणार.

उद्या इथला थँक्सगिव्हिंगचा सण, शाळांना आजपासूनच सुट्टी. सकाळी रुहीने अनन्याच्या आईला स्वतः फोन लावला, स्पीकरवर, आमच्या सगळ्यांसमोर. "हाय आंटी. यू आस्क्ड मी समथिंग इन जून," असं तिने सुरू केलं.

दुपारी जेवताना ईश्वररावांनीच विचारलं, "आज प्रश्न नाही?"

रुही म्हणाली, "आर यू स्टिल स्केअर्ड, बाबा?"

"हो," ते म्हणाले. "आहे अजून."

तिने आपली खुर्ची सरकवून त्यांच्याशेजारी घेतली. मी विचारलं, तिथे ऊन येतंय का? तर म्हणाली, नो आजी, मला इथे बसायचंय.

आत्ता तांदूळ काढायला गॅरेजमध्ये गेले होते. बुटांच्या मांडणीत एक नवा पांढरा जोड दिसला, लेस न सोडताच काढलेला. खाली बेसमेंटमध्ये दोघी मोठमोठ्याने हसतायत.